आजीला कोण सांगणार

दर ऑगस्टला गावाला जायचं, हे लोरेदानाच्या घरात कधी कुणी ठरवलं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी कोसिमो तिला तोरिनोहून गाडीत बसवून थेट दक्षिणेला, लुकानियाच्या डोंगरातल्या आपल्या गावी घेऊन गेला, आणि तेव्हापासून ते चालूच राहिलं. तिथे सासूबाई असायच्या, अद्दोलोराता. सगळं गाव त्यांना दोरा म्हणायचं. अंगाची लाही होत असताना भर दुपारी त्या भट्टीत भाजलेला पास्ता वाढायच्या, त्यावर मटण, त्यावर भरली वांगी, आणि कुणी ‘पुरे’ म्हटलं की विचारायच्या, ‘‘का? बरं वाटत नाही का?’’ मग टोमॅटो यायचे. अंगणात चूल पेटायची, सगळ्या घराने टोमॅटो कुस्करायचे, गाळायचे, वर्षभराचा सॉस बाटल्यांत भरायचा. सुट्टी संपवून परत येताना गाडीत माणसांपेक्षा बाटल्यांची बडदास्त जास्त असायची.

यंदा बंड पुकारलं लेकीने, जिनेव्राने. ती आता बारा वर्षांची होती आणि तिला मतं फुटली होती.

‘‘माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली समुद्रावर जातात. मी एकटीच टोमॅटो कुस्करून येते. सप्टेंबरमध्ये सगळ्या विचारतात, तुझे हात लाल का?’’

‘‘मला पण समुद्र,’’ सहा वर्षांचा तोम्माझो म्हणाला. ताई म्हणेल ते त्याला पण हवं असायचं.

लोरेदानाने नवऱ्याकडे पाहिलं. कोसिमो ब्रेडच्या तुकड्याने ताटली पुसत होता, ती आता इतकी स्वच्छ झाली होती की पुन्हा धुवायची गरज नव्हती.

‘‘वाईट नाही कल्पना,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘पण आईला कोण सांगणार?’’

लोरेदाना कामाला लागली. तोम्माझोसाठी दगड नसलेला, वाळूचा किनारा हवा, पाणी गुडघ्याएवढं. जिनेव्राला संध्याकाळी पाय मोकळे करायला गाव हवं, आइस्क्रीमचं दुकान हवं, आणि आईबापांनी चार पावलं मागून चालायला हवं. कोसिमोला सावली हवी होती.

‘‘आणि जेवण घरचं,’’ तो म्हणाला.

‘‘घरचं म्हणजे कोणाच्या हातचं?’’

या प्रश्नावर त्याला एकदम गाडीच्या टायरची आठवण झाली आणि तो खाली निघून गेला.

चिलेन्तोच्या किनाऱ्यावर तिला एक घर सापडलं. पाइनच्या झाडांमागे, बैठं, अंगणात अंजीर, आणि वाळू हाकेच्या अंतरावर. मालकीणबाई बोलायला गोड होती. म्हणाली, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमच्यासाठी ठेवते, तोवर नक्की सांगा.

आता आईला सांगणं आलं. एका रविवारी कोसिमो फोन घेऊन गॅलरीत गेला, बराच वेळ बोलला आणि मान खाली घालून आत आला.

‘‘सांगितलंस?’’

‘‘ती म्हणाली, टोमॅटोची रोपं छान धरलीत.’’

‘‘मग?’’

‘‘मग मी म्हटलं, वा.’’

पुढच्या रविवारी लोरेदानाने स्वतः प्रयत्न केला. सासूबाईंनी विचारलं, मुलांची शाळा लवकर संपते तर यंदा लवकरच या की. आणि हिच्या तोंडून ‘‘हो, बघते’’ निघून गेलं. बारा वर्षांच्या लेकीने त्या दोघांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती लोरेदानाला आठवडाभर टोचत राहिली.

शेवटी काम केलं तोम्माझोने. फोनच्या पडद्यावर आजीचा चेहरा दिसला तसा तो पडद्याला नाक लावून म्हणाला, ‘‘आजी, आम्ही या वर्षी तुझ्याकडे येणार नाही, आम्ही समुद्रावर जाणार आहोत. पण तुला सांगायचं नाहीये.’’

घरात सगळे जागच्या जागी थिजले. पडद्यावरच्या आजीने डोळे मिचकावले.

‘‘असं होय,’’ ती म्हणाली. ‘‘बरं. माझं गॅसवर काहीतरी आहे.’’ आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर दोन दिवस तिने फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी उचलला तो एवढंच सांगायला, की मी कामात आहे, नंतर बोलू. कोसिमो खचला. ट्राम चालवून आला की तो खुर्चीत बसून राहायचा.

‘‘तिचं मन मोडलं,’’ तो म्हणायचा. ‘‘आयुष्यात कधी तिने मला कामात आहे असं सांगितलेलं नाही.’’

‘‘मग जा आणि बोल तिच्याशी. तुझी आई आहे.’’

‘‘मी गेलो तर ती रडेल. ती रडली की मी रडेन. मग आपण ऑगस्टभर टोमॅटो कुस्करत असू.’’ शिवाय जूनच्या दोन तारखेच्या, प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला त्याची ड्यूटी लागली होती. ती बदलून घेता आली असती आणि त्याने तसा प्रयत्न केला नाही, हे लोरेदानाला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा ती एकटीच गेली. नापोलीपर्यंत विमानाने, पुढे डोंगर चढत जाणाऱ्या बसने. नवऱ्याशिवाय सासरी जायची ही तिची पहिलीच वेळ. बसमध्ये ती काय काय बोलायचं ते मनात घोळवत होती आणि प्रत्येक वळणावर त्यातलं एकेक वाक्य गळून पडत होतं.

घराला कुलूप होतं. सासूबाईंच्या घराला कुलूप तिने कधी पाहिलंच नव्हतं. शेजारचे म्हातारे दोनातो दारात बसून शेंगा सोलत होते.

‘‘दोराची सून ना? तोरिनोची?’’ ते म्हणाले. ‘‘दोरा कार्मेलाकडे गेलीय, शिंपिणीकडे. हल्ली तिथेच असते. काय शिवतात कोण जाणे, दार लावून घेतात.’’

लोरेदानाला भलतंच सुचलं. या वयाच्या बायका दार लावून एकच कपडा शिवून ठेवतात, अंगावर घालून शेवटचा प्रवास करायचा तो. ती जवळजवळ धावतच गल्ली उतरली आणि कार्मेलाचं दार न ठोठावताच ढकललं.

आत एका बुटक्या स्टुलावर सासूबाई उभ्या होत्या. अंगात गडद निळा पोहायचा पोशाख. त्याला खाली घेर लावायचं काम चाललं होतं, आणि तोंडात टाचण्या धरलेली कार्मेला जमिनीवर बसून तो घेर सारखा करत होती. जन्मभर लांब बाह्या घातलेले सासूबाईंचे दंड दुधासारखे पांढरे होते.



‘‘दार लाव!’’ सासूबाई ओरडल्या. ‘‘सगळ्या गावाला दाखवायचंय का?’’

लोरेदानाने दार लावलं, त्याला पाठ टेकली आणि तिला हसू फुटलं. आधी बारीक, मग आवरेना. कार्मेलाने टाचण्या हातात काढून घेतल्या, कारण तीही हसायला लागली होती.

‘‘हसा,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘उत्तरेकडच्या लोकांना काय कळतंय. मागून कसा दिसतो ते सांग.’’

‘‘छान दिसतो, आई. खरंच.’’

घरी आल्यावर सासूबाईंनी टोमॅटो-ब्रेड आणि चीज पुढे ठेवलं, एवढंच. तेही लोरेदानाने पहिल्यांदाच पाहिलं.

‘‘तुमचं मन दुखावलं असेल म्हणून मी आले,’’ ती म्हणाली.

‘‘दुखावलं की. फोन ठेवला आणि रडले. मग म्हटलं, दोरा, तू रडतेस कशाला? ऑगस्टमध्ये तुला भट्टी पेटवायची नाहीये.’’ त्यांनी चीजचा तुकडा कापला. ‘‘तुम्ही गेलात ना दरवर्षी, की माझ्याने अंथरुणातून उठवत नाही. ती माझी मैत्रीण फिलोमेना किती वर्षं पाठीस लागलीय, इस्कियाच्या बेटावर चल, गरम पाण्याचे झरे आहेत, चौघीजणी जाऊ. मी म्हणते, कशी येऊ, माझी मुलं येतात.’’

‘‘मग आम्हाला सांगितलं का नाही कधी?’’

‘‘काय सांगू? पोरांनो, येऊ नका? असं आई सांगते का?’’

लोरेदानाने ब्रेडचा तुकडा मोडला. मग म्हणाली, ‘‘मला तो भट्टीतला पास्ता दुपारच्या उन्हात जात नाही, आई. कधीच गेला नाही.’’

‘‘मला काय माहीत नाही? अर्धा त्या मांजरीला घालायचीस. तुझ्यामुळे ती इतकी माजली.’’

दोघी हसल्या. खिडकीबाहेर डोंगर उतरत गेले होते, आणि त्यांच्या फटीतून पार शेवटी एक निळी रेघ दिसत होती. सासूबाईंनी तिकडे बोट केलं.

‘‘लहानपणापासून बघतेय. एकदा तुझ्या सासऱ्याला, मिकेलेला म्हटलं, नेऊन आण. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, म्हणाला, समुद्र बघायला असतो, आत जायला नसतो. लांबून बघून आलो. पायातले बूट पण काढले नाहीत.’’

‘‘मग आमच्याबरोबर चला.’’

‘‘छे! नातवंडं सांभाळायला आणि तुम्हाला रांधून घालायला?’’

‘‘पहिला आठवडा आमच्याकडे, मग तुम्ही इस्कियाला. कोसिमो बोटीपर्यंत सोडेल. रांधायचं नाही.’’

‘‘मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही.’’

‘‘नका टाकू.’’

‘‘आणि कुणी मला विचारायचं नाही की मीठ किती घालू.’’

‘‘कोसिमो करेल स्वयंपाक.’’

सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं, जणू आजच तिची ओळख होत होती. ‘‘माझ्या कोसिमोला अंडं उकडता येत नाही, पोरी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘येते मी. हे बघायला तरी येते.’’

तोरिनोला परतल्यावर लोरेदानाने कोसिमोला सगळं सांगितलं.

‘‘आईने पोहायचा पोशाख शिवून घेतला? माझ्या आईने?’’

‘‘घेर लावलाय त्याला,’’ लोरेदाना म्हणाली आणि मालकीणबाईला फोन लावला. अजून एक माणूस वाढलंय, म्हातारं आहे, जिने नकोत. मालकीणबाई म्हणाली, बैठंच आहे, बाई, या.

ऑगस्ट उजाडला. पहिल्या संध्याकाळी कोसिमोने पास्ता शिजवला तो लापशीसारखा झाला. आजी अंजिराखाली पाय लांब करून बसली होती. तिने एक घास घेतला, दुसरा घेतला आणि डोळे मिटले. जिनेव्रा टेबलाखाली तोंड घालून हसत होती.

सकाळी सगळे वाळूत उतरले. आजीने तोम्माझोचा हात धरला, की त्याने तिचा, हे सांगणं कठीण होतं. पहिली लाट घोट्यावर आली आणि आजीने गावच्या बोलीत समुद्राला अशी एक शिवी हासडली की छत्र्यांखालच्या माणसांनी माना वळवल्या.

‘‘आजी!’’ जिनेव्रा लाजून चूर झाली. ‘‘लोक बघतायत!’’

‘‘बघू देत. थंड आहे मेला!’’

पण ती मागे फिरली नाही. गुडघे बुडाले, घेर पाण्यावर फुलासारखा पसरला, मग कंबर बुडाली. तोम्माझो तिच्या खांद्याला लोंबकळत तिला तरंगायला शिकवत होता. ‘‘पोट वर, आजी, पोट वर!’’ जिनेव्राला राहवेना, तीही शिरली आणि तिने आजीच्या पाठीखाली हात धरला. लोरेदाना वाळूत बसून बघत राहिली. खूप वर्षांत पहिल्यांदाच ऑगस्टमध्ये तिला कुठे जायची घाई नव्हती.

दुपार कलायला लागली तेव्हा कोसिमो ॲप्रन बांधूनच किनाऱ्यावर आला आणि तोंडाशी हात धरून ओरडला, ‘‘आई! चल, जेवायला! गार होतंय!’’

आजीने पाण्यातूनच हात हलवला.

‘‘तुम्ही घ्या जेवून,’’ ती ओरडली. ‘‘माझं झाकून ठेव!’’