तीनशे दोनमधला डबा

रायपूरच्या शंकर नगरातल्या त्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट होते, आणि शेजाऱ्याचं दार ठोठवायची सवय त्यातल्या एकाही घराला उरली नव्हती. सगळं अ‍ॅपवर चालायचं. पाणी आलं नाही, अ‍ॅपवर टाका. वरचं पोट्टं चेंडू आपटून राहिलं, अ‍ॅपवर टाका. वरचे लोकही खालच्यांना अ‍ॅपवरच उत्तर द्यायचे, मध्ये सतरा पायऱ्यांचा जिना असताना. एकशे सातमधले म्हातारे गेले तेव्हा ग्रुपवर सेहेचाळीस जोडलेले हात जमले आणि खांदा द्यायला चौथा माणूस म्हणून गार्डला बोलवावं लागलं.

शर्मिष्ठा बोरकुटे तिथं तीन घरी स्वयंपाक करायची. गुढ़ियारीच्या वस्तीत राहायची, नवरा श्यामराव उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जायचा. नऊ वर्षांत तिनं एक दिवस न सांगता सुट्टी घेतली नव्हती. मागच्या दिवाळीपासून तिलाही अ‍ॅपमध्ये घातलं होतं. गेटवर सहा आकडे सांगायचे, गार्ड रामकृष्ण ते दाबायचा, मग मालकिणीच्या फोनवर घंटी वाजायची. तिच्या फोटोखाली तारे होते, साडेचार. अर्धा तारा कोणी कापला ते तिला कळलं नाही, आणि विचारायचं कोणाला तेही कळलं नाही. श्यामरावला सांगून ती हसली होती आणि विसरून गेली होती.

तिचं पहिलं घर तीनशे दोन. तिथं नरहर वझलवार राहायचे. शहात्तर वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त, पाच पिढ्यांचे रायपूरकर. मुलगा विहंग बँकेच्या कामानं सतत दौऱ्यावर. सून गंधाली नाशिकची, नवा रायपूरला एका ऑफिसात मोठ्या पदावर. सकाळी नऊला ती निघाली की घरात नरहर आणि शर्मिष्ठा असे दोघंच.

चैत्रात एके दिवशी नरहर ओट्याजवळ येऊन उभे राहिले.

"शर्मिष्ठा, माझ्या चार पोळ्यांतल्या दोन आणि वाटीभर वरण बांधून देशील का? तुह्या रस्त्यातच पांडुरंगचं घर आहे. बायको गेल्यापासून तो दोन्ही टाइम चहा-टोस्ट खाऊन राहिला."

पांडुरंग त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होता.

"देते न काका," ती म्हणाली.

"पण कोणाले सांगू नको. गंधालीलेही नाही. लोकांले माहीत झालं असं पांड्याले कळलं, तर तो डबा नालीत टाकून देईल. लई मानी आहे तो."

"हव," शर्मिष्ठा म्हणाली. तिच्यासाठी तेवढं पुरे होतं.

तीनशे दोनच्या दारावर विहंगनं कॅमेऱ्याची घंटी बसवली होती. दारासमोर कोणी हललं की दहा सेकंदांचा व्हिडिओ गंधालीच्या फोनवर जायचा. एरवी ती ते बघत नसे. एका दुपारी मीटिंग लांबली, कंटाळा आला, म्हणून तिनं बघितले. नऊ दिवस, नऊ व्हिडिओ. शर्मिष्ठा दारातून निघते, स्टीलचा डबा कापडी पिशवीत सरकवते, मागं वळून बघते आणि जाते. मागं वळायची ती नरहर आतून हात हलवायचे म्हणून. नरहर कॅमेऱ्यात येत नव्हते.

गंधालीनं घरी फोन केला असता तर नरहरांनी उचलला असता. संध्याकाळी शर्मिष्ठाला विचारता आलं असतं. पण विचारायचं तर समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. गंधालीनं नऊ व्हिडिओ जोडले, फोननं आपणहून त्यावर एक दचकवणारं संगीत चढवलं, आणि तिनं ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "सब लोग अलर्ट रहें. अपने यहाँ भी चेक करें."

तासाभरात सगळ्यांच्या घरातून काहीतरी गेलेलं निघालं. कोणाचं होळीत हरवलेलं कानातलं, कोणाचं तूप. तीनशे दहावालीला तर त्या बाईची नजर पहिल्यापासूनच ठीक वाटली नव्हती, आणि तीनशे दहामध्ये शर्मिष्ठा कधी गेलीच नव्हती. मग सेक्रेटरी चिरागनं मतदान लावलं. एंट्री ब्लॉक करायची का, हो की नाही. एक्केचाळीस हो. नाही एकही नाही. सात जणांनी बघितलं नाही. त्या एक्केचाळीसांत शर्मिष्ठाची बाकीची दोन घरंही होती; तिच्या हातचं जेवून उठल्यावर त्यांनी बटण दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर रामकृष्णनं आकडे दाबले आणि त्याचं तोंड उतरलं.

"दीदी, लाल दिखा रहा है."

त्यानं स्वतःच्या फोनवर तिला व्हिडिओ दाखवला. तिनं दोनदा पाहिला.

"हे गाणं कोणी लावलं यावर?"

"अपने आप लग जाता है दीदी. साहब मन ला फोन करंव का?" साहेबांना फोन लावायला तो तयार होता.

"नको."

"आप बता दो ना, डब्बा किसका था."

"ज्यांले विचारायचं होतं त्यांनी विचारलं नाही, भैया. मी काहून सांगू?"

ती घरी परतली. दोन पोळ्या केल्या, वरण केलं आणि पांडुरंगच्या घरी नेऊन दिलं. उशीर झाला, एवढंच तो म्हणाला. हव, उशीर झाला, एवढंच ती म्हणाली.

इकडे नरहर दहापर्यंत वाट बघत बसले. मग खाली उतरले. रामकृष्णनं त्यांनाही तो व्हिडिओ दाखवला. ते त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जरा वेळ बसले, पाणी प्यायले, आणि दोनशे चारमध्ये चिरागकडे गेले. चिराग नागपूरकडचा, मराठी घरातला पोट्टा, घरूनच काम करायचा. मराठी त्याला कळायची, तोंडातून हिंदी यायची. कानावरचा हेडफोन त्यानं एका बाजूनं सरकवला.

"काका, मैं समझ रहा हूँ, लेकिन प्रोसेस है. आपके फ्लॅट का एक ही लॉगिन है, वो गंधाली दीदी के पास है. उनको बोलिए, ग्रुप में डाल दें."

"अरे, मी तुह्यासमोर उभा आहो न. मीच सांगून राहिलो न तुले, का डबा मी दिला."

"हाँ काका. पर रेकॉर्ड पे आना चाहिए."

गंधालीला नरहरांनी तीनदा फोन लावला. तिनं मेसेज पाठवला, बिझी आहे, संध्याकाळी बोलू. तेव्हा त्यांनी ठरवलं की दारोदार जायचं.

ते चौथ्या मजल्यापासून खाली आले. प्रत्येक दारावर तसलाच कॅमेऱ्याचा गोल डोळा. बटण दाबलं की डोळा उजळायचा आणि आतून, ऑफिसातून, कुठून कुठून आवाज यायचा. जी अंकल, मीटिंग में हूँ. जी अंकल, ग्रुप पे डाल दीजिए. नरहर त्या डोळ्याला सांगायचे, "तो डबा मी दिला होता. माझ्या ताटातला. ती बाई चोर नाही." मग हिंदीत पुन्हा सांगायचे. चारशे एकमधली बाई बंगळुरूहून बोलत होती. तिनं त्यांना जरा मागं सरकायला सांगितलं, चेहरा नीट दिसत नाही म्हणून, आणि ते सरकले. एकोणीस घरं झाली. दोन दारं उघडली, त्यातलं एक कामवालीनं. तीनशे दहाच्या डोळ्यानं विचारलं, खाना किसके लिए था? नरहर दमले होते, रागात होते. गुढ़ियारीच्या पांडुरंगचं नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं. नाव निघाल्यावर ते भिंतीला हात लावून उभे राहिले.

संध्याकाळी तीनशे दहाच्या डोळ्यानं टिपलेला नरहरांचा व्हिडिओ ग्रुपवर आला. पांढरे केस, चढलेला श्वास, "माझ्या ताटातला". या वेळी संगीत हळवं होतं. तीनशे दहावालीनं लिहिलं, रुला दिया अंकल ने. जी माणसं काल तूप शोधत होती ती आज रडत होती, आणि दोन्ही वेळा अंगठा सोडून त्यांच्या अंगाचं काही हललं नव्हतं. चिरागनं नवीन मतदान लावलं, एंट्री पुन्हा चालू करायची का. पंचेचाळीस हो. शर्मिष्ठाचे तारे साडेचाराचे पाच झाले. तिला फोन मात्र कोणी केला नाही. रविवारी पांडुरंग अंकलना भेटायला जायचं, असंही ठरलं.

रविवारी सकाळी मालाच्या ट्रकांमधून वाट काढत दोन गाड्या गुढ़ियारीच्या गल्लीत शिरल्या. सात माणसं, चमकत्या कागदात बांधलेली फळांची टोपली, आणि हातात फोन. पांडुरंग बनियनवर खाटेवर बसून दाढी करत होता. एक गाल साफ, एका गालावर फेस. शर्मिष्ठा नुकतीच डबा घेऊन आली होती.

"अंकल, एक मिनट, इधर देखिए," दारातून कोणीतरी म्हणालं.

"हे कोण लोक?" पांडुरंगनं विचारलं.

चिरागनं एका दमात सांगितलं. नरहर अंकल रोज आपल्या ताटातून तुमच्यासाठी कसा डबा पाठवतात, ते सगळ्या सोसायटीला कळलं आहे, सगळे किती भारावले आहेत. पांडुरंगनं टॉवेलनं फेस पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली. तो शर्मिष्ठाकडे बघत होता.

ती दारात जाऊन उभी राहिली.

"फोन गाडीत ठेवून या," ती म्हणाली. "मग बसा. चहा टाकते मी."

सात जणांपैकी एकही हलला नाही. गंधाली सगळ्यांत मागं होती. तिनं फोन खाली केला, पण ठेवायला काही ती गेली नाही.

"हम तो बस प्यार बाँटने आए थे," तीनशे दहावाली म्हणाली. तिच्या फोनवरचा लाल ठिपका चालूच होता.

शर्मिष्ठानं दार लावून घेतलं. बाहेर जरा कुजबुज झाली. टोपली पायरीवर ठेवली गेली, बंद दारासमोर तिचा फोटो काढला गेला, आणि गाड्या निघाल्या. फळं गल्लीतल्या बकऱ्यांनी खाल्ली.

"नऱ्यानं सांगितलं?" पांडुरंगनं विचारलं.

"माह्यासाठी सांगितलं त्यांनी. माह्यावर चोरी आली होती."

त्यानं टॉवेल घडी करून खाटेवर ठेवला. मग म्हणाला, "तुह्यावर राग नाही, बाई. पण उद्यापासून डबा आणू नको."

मंगळवारी गंधालीचा फोन आला.

"शर्मिष्ठाबाई, तुमची एंट्री चालू केली आहे. सगळ्यांनी पाच स्टार दिलेत. मीही ग्रुपवर सॉरी लिहिलंय, बघितलं असेल तुम्ही."

"मी नाही त्या ग्रुपात, ताई."

"हो, ते... मी पाठवते तुम्हाला."

"ताई, नऊ वर्ष तुमच्या घरी पोळ्या केल्या मी. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का नसतं, ते पुढचं. तुम्ही विचारलं काहून नाही?"

गंधाली म्हणाली, "तसं सगळेच करतात हो."

"हव. करतात," शर्मिष्ठा म्हणाली आणि फोन ठेवला.

ती सोसायटीत परत गेली नाही. महिन्याच्या आत तिला स्टेशनजवळच्या एका मराठी खाणावळीत काम मिळालं. नरहर आता स्वतः वरण-भात शिजवतात, डबा बांधतात आणि ऑटोनं गुढ़ियारीला जातात. पहिले तीन दिवस पांडुरंगनं दार उघडलं नाही. ते पायरीवर तासभर बसून परत आले. चौथ्या दिवशी त्यानं उघडलं. दोघं समोरासमोर बसून जेवतात. पांडुरंग अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.