सैल दांडी आणि पांढरा दोरा

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. पाण्याचा नव्हे, तंबाखूचा. खाली लाकडी वाटी आणि तिच्या भोकात खोचलेली काळी दांडी, एवढाच माझा संसार. स्वभावाने मात्र मी पक्का शंकेखोर. ज्याच्या पोटात आयुष्यभर धूर कोंडला, त्याला सगळं धूसरच दिसणार.

मला एका काताऱ्याने घडवलं. लाकूड यंत्रावर गरगर फिरवायचं आणि पटाशीने कातायचं, हे त्याचं काम. त्याच्या दुकानातून एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी मला घेतलं आणि लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी नवऱ्याला भेट दिलं. नवरा घड्याळजी. चाळीस वर्षं मी त्यांच्या ओठांत राहिलो. येणारेजाणारे म्हणत, "काय ऐटदार पाइप आहे!" आणि मी फुगून जायचो. त्यांच्या छातीत काय साठत होतं, ते मला कळत होतं; पण कौतुकापुढे मी तिकडे लक्ष दिलं नाही. आज त्याची लाज वाटते.

मग खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "आता बंद." घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "मीच आणला होता हा मेला पाइप. आता एकदा जरी ओढलात, तर मी बहिणीकडे जाईन ती परत यायची नाही." घड्याळजींनी शब्द दिला. मला फेकून द्यायला दोघांचाही हात धजावला नाही. मी शिवणयंत्राच्या खणात रिळांशेजारी जाऊन पडलो.

चाळीस वर्षांची सवय एका दिवसात सुटते होय? मला काही पटेना. यांनी नक्की दुसरा पाइप ठेवलाय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ते बाहेरून आले की मी खणाच्या फटीतून वास घ्यायचो. घड्याळाच्या तेलाचा वास यायचा, चहाचा यायचा, तंबाखूचा कधीच नाही. तरी मी म्हणायचो, खोकल्याची गोळी चघळून आले असतील.

चार महिन्यांनी बाईंनी मला पुसायला उचललं आणि दांडी निसटून फरशीवर पडली. बाईंचे डोळे बारीक झाले.

"अहो, खरं सांगा. ओढताय ना?"

"हातसुद्धा लावला नाही गं."

"मग दांडी आपोआप सैल झाली? वापरल्याशिवाय वस्तू ढिली होत नाही."

बाईंचं आयुष्य बटणांत गेलेलं. बटण उघडझाक करूनच ढिलं होतं. घड्याळजींच्या धंद्यातही झिजल्याशिवाय काही सैल होत नाही, त्यामुळे तेही दांडी उचलून झीज शोधायला लागले. त्यांची खाली गेलेली नजर पाहून बाईंना वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

बाईंनी दांडी खोचून माझ्याभोवती पांढरा दोरा गुंडाळला, वर आपली खास गाठ मारली. रोज सकाळी तपासणी. महिनाभर गाठ जशीच्या तशी, पण दांडी आणखी डुगडुगायला लागली. बाईंचा संशय काही फिटेना. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा माणूस, त्याला गाठ सोडून पुन्हा बांधायला कितीसा वेळ! बाईंनी बोलणं टाकलं. एके दिवशी माळ्यावरची बॅग खाली उतरली. माझ्या वाटीत ठिणगीसुद्धा पडली नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण मी सांगणार कसा? जीव नुसता तुटत होता.

बॅग पाहून घड्याळजी म्हणाले, "जायच्या आधी एवढं कर. ज्याने हा घडवला त्याला दाखवू. तो म्हणाला मी ओढला, तर मीच तुला बहिणीकडे सोडून येतो."

कातारी आता म्हातारा झाला होता. त्याने मला हुंगलं, वाटीत बोट फिरवलं. "वहिनी, हा कित्येक महिन्यांत पेटलेला नाही."

"मग सैल कसा झाला?"

"म्हणूनच झाला. रोज ओढला की लाकडाला ओल मिळते, ते फुगून दांडीला आवळून धरतं. पडून राहिला की वाळतो आणि पकड सुटते. हे ओढत असते, तर तुम्हाला दांडी ओढून काढावी लागली असती."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत काताऱ्याला म्हणाले, "तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे."

"दांडीचं काय करायचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"दोऱ्याला लावता ते मेण टोकाला चोळा, घट्ट बसेल. पण एक आहे. मेण लावलं, की यांनी ओढला की नाही ते दांडीवरून ओळखू येणार नाही. खात्री हवी असेल, तर सैलच ठेवा."

घरी येऊन बाईंनी मला शिवणयंत्रावर ठेवलं. मग त्यांनी कात्रीने दोरा कापला, डब्यातून मेण काढलं, दांडीच्या टोकाला गोल गोल चोळलं आणि हलकेच फिरवत ती आत बसवली. "अहो, ती बॅग वर ठेवा," त्या म्हणाल्या, "माझा हात पोचत नाही."

मित्रांनो, मला तोंडात धरायची हौस मात्र कधी धरू नका. पण घरात पडून राहिलेलं काही सैल झालं, तर दोरा बांधण्याआधी एखाद्या जाणकाराला विचारा. घड्याळजी बाहेरून आले, की मी अजूनही फटीतून वास घेतो. सवय जात नाही. फक्त आता तेलाचा वास आला, की मी तो तेलाचाच समजतो.