लाल खुणेची घरं

मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. टाचणी सहज शिरावी म्हणून सुताराने मला मऊ लाकडातून घडवलं. तेव्हापासून टोचून घेणं हाच माझा धंदा! अंगाची चाळण झाली, पण मित्रांनो, कुरकुरायला मी काही दरवाजा नाही.

माझे पहिले मालक हिंमतराव, शहाद्याचे चित्रकार. गल्ल्या, जुन्या लाकडी माड्या, बंद पडलेलं थिएटर असं शहरच ते काढत. रस्ता रुंद करायला ज्या घरांवर लाल खूण पडे, ती पाडायच्या आत कागदावर घ्यायची, ही त्यांची रीत. माणूस मात्र एकही काढत नसत. लोकांना एवढंच दिसे की हिंमतराव बसले की घर पडतं. आम्ही दिसलो की दारं लागायची. एकदा अशाच एका घरातल्या सिंधुबाई हात जोडून म्हणाल्या, "भाऊ, मन्हा घरनं चित्र काढू नको." हिंमतरावांनी काढलंच. आठव्या दिवशी तिथं मोकळी जागा होती. तेव्हापासून मला कोऱ्या कागदाची धास्ती वाटू लागली.

मग रविना आली. ती नंदुरबारला चित्रकला शिकत होती. तिचं जुनं घर नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्यात गेलेलं, त्याचा एक फोटोही नाही. हिंमतरावांच्या चित्रांत पडलेली घरं उभी पाहून ती खिळूनच गेली. ती त्यांच्याकडे शिकू लागली आणि त्यांनी मला तिच्या हवाली केलं. पोरीने त्यांच्या हाताचं वळण उचललं, सावल्या उचलल्या, रिकामी दारंसुद्धा उचलली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय!

या पावसाळ्यात ती होडीने आपल्या पाड्यावर गेली. तिथं चढावर तिची आई दिवलीबाई नव्या घरात राहते. पाणी रोज वीतभर चढत होतं. हेही घर जायच्या आत काढायचं म्हणून रविनाने मला मांडीवर घेतलं आणि न विचारता रेघ ओढली. मला पाहताच दिवलीबाईचा चेहरा उतरला. जुनं घर बुडायच्या आधी मोजणीवालेही असंच मांडीवर फळी घेऊन बसले होते, घर कागदावर घेऊन गेले आणि मग पाणी आलं, असं ती म्हणाली. रविनाने खूप समजावलं. आईने आत जाऊन दार लावून घेतलं. पोटच्या पोरीसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चित्र पुरं झालं, बंद दाराचं. दोन दिवसांत पाणी खालच्या शेतात शिरलं. मायलेकी बोलेनाशा झाल्या. चित्राने पाणी येत नाही हे मला कळतं, पण माझं ऐकतो कोण?

चौथ्या दिवशी पाणी अंगणाभोवतीच्या काठ्यांच्या कुडाला लागलं. रविनाने ते चित्र उतरवलं, कोरा कागद लावला आणि पहिल्यांदाच विचारलं, "आई, काढू का?"

दिवलीबाईने पाण्याकडे पाहिलं. मग उंबऱ्यावर येऊन बसली. "घर राहू दे. मला काढ," ती म्हणाली. "लवकर काढ."

मित्रांनो, एवढंच मागतो. कुणाचं घर काढाल तर आधी दारातल्या माणसाला विचारा आणि त्यालाही कागदावर जागा द्या. आता मला हलून चालणार नाही. रविना आईचे डोळे काढते आहे, आणि पाणी कुडाच्या आत आलं आहे.