रामदासपेठेतला शोगुन

आमच्या ह्यांना, म्हणजे प्राध्यापक चंद्रभानांना, त्या वर्षी एम.ए.च्या वर्गाला जपानचा इतिहास शिकवायचा होता. तालीम घरी चालायची आणि शिक्षा आम्हाला.

मामंजी चंपतराव मौद्याकडचे जुने मालगुजार, जमीनदारच म्हणा. मालगुजारी गेली, मिशीचा पीळ राहिला. दर महिन्याला वांगी घेऊन रामदासपेठेत आमच्या घरी यायचे, सासूबाईंना चला म्हणायचे आणि एकटेच परत जायचे. आमची नीला झाल्यापासून सासूबाई आमच्याकडेच होत्या. माझी नोकरी, त्यामुळे त्यांना सोडायला मीही तयार नव्हते.

त्या दिवशी मामंजी आलेले असताना हे तालमीत कागा ह्या जपानी संस्थानावर आले. "कागाचा सरदार गडगंज श्रीमंत. पण शोगुनाचा, म्हणजे देश चालवणाऱ्या सरसेनापतीचा, हुकूम असा, की बायकोपोरं राजधानीतच राहतील. सरदारानं एक वर्ष आपल्या मुलखात काढायचं, एक वर्ष राजधानीत. बंड करायची टाप नाही!"

मामंजींचा अडकित्ता थांबला. "बायको काहून ठेवून घे तो?"

"ओलीस म्हणून, बाबूजी."

"मंग तूच शोगुन हायेस न गा!"

मला हसू आवरेना. मामंजींनी पुढे विचारलं, "सुटल्या का त्या बायका?"

"सुटल्या. हुकूम सैल झाला, बायका गावी गेल्या. पाच-सहा वर्षांत शोगुनशाही बुडाली."

मामंजींनी मिशीवर ताव दिला. माझं हसू मात्र आटलं. नीलाला कोण सांभाळणार?

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चंदू, त्या बायकाइले कोनं इचारलं का बापा, तुमाले कुठं राहाचं हाय म्हणून?"

ह्यांनी घाईघाईने पानं उलटली. "पुस्तकात नाही लिहिलं, माय."

शेवटी मामंजींनीच घसा खाकरला. "मनकर्णा, तुले कुठं राहाचं हाय वं?"

उभ्या संसारात हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच विचारला असावा. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"कळमेश्वरले. माह्या बहिणीकडं. लग्न झाल्यापासून तिच्याकडं पोटभर राहाले नाही भेटलं. महिनाभर राहातो, मंग पाहू."

मामंजींचा चेहरा पडला, ह्यांचाही. पण विचारून बसल्यावर नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांना एसटीवर पोचवायला गेलो. बस सुटली तसे बापलेक हात हलवत राहिले. सासूबाई शेजारच्या बाईशी गप्पांत इतक्या रंगल्या होत्या, की त्यांचं लक्षच नव्हतं. नीला माझ्या कडेवर रडत होती. मला रजेची काळजी वाटायला हवी होती. खरं सांगते, मला हेवा वाटला.