जग वस्तीला

सातवीच्या पोरांना जागतिक नागरिकत्व शिकवा, असा हुकूम वरून आला तेव्हा शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना एकदम दुसरी कामं आठवली. उरल्या भूगोलाच्या बाई. त्या हंगामी होत्या, आणि हंगामी माणसाला नाही म्हणायची सोय नसते. साहेब तपासणीला येणार, पाठ बघणार. त्यांनी चांगला शेरा मारला तर बाई कायम. नाहीतर बाईंनी आपली छत्री उचलून पुढची शाळा शोधायची. अशा बऱ्याच शाळा त्यांनी छत्रीसकट सोडल्या होत्या.

पण बाई खमक्या. त्यांनी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला, फुंकर मारली, निम्मा वर्ग शिंकला.

"आजपासून हे जग रोज एकाच्या घरी वस्तीला जाणार," त्या म्हणाल्या. "घरच्यासारखं सांभाळायचं. नियम एकच. ज्याच्या हातून जगाला डाग लागेल, त्यानेच ते घरी नेऊन साफ करून आणायचं. मग तो कोणी का असेना."

झालं, जग घरोघर हिंडायला लागलं. शिंप्याच्या घरून परत आलं ते अंगात बटणांचा अभ्रा घालून, आणि अभ्र्याला खिसा.

"जगाला खिसा कशाला रे?"

"बाबा म्हणाले, एवढं मोठं अंग आणि रुमाल ठेवायला जागा नाही, बरं दिसत नाही."

कंपाउंडरच्या घरी त्याचा ताप बघितला. खालच्या अंगाला गार लागतंय म्हणून तिथे कापूस बांधून पाठवलं. एका आजीला तर ते एका कुशीवर कललेलं बघवेना. तिने पाठीला उशी देऊन सरळ केलं. त्या दिवशी दुपार जरा उशिरानेच झाली म्हणतात. मी झोपलो होतो, त्यामुळे खात्री देत नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. लाँड्रीवाल्यांची मुलगी, तिला सगळे चिमटी म्हणत, कारण एकदा धरलं की ती सोडत नसे. तिचं पेन गळलं आणि महासागरात शाईचा थेंब पडला. नियम म्हणजे नियम. चिमटीने जग काखोटीला मारलं आणि घरी नेऊन आईपुढे ठेवलं.

"आई, एवढा एक डाग काढ."

आईने गोल उजेडात धरला. "एक? अगं, हा तर डागांनीच भरलाय. या रेघा बघ. कोणीतरी बसून बसून ओढल्यात."

"त्या सरहद्दी आहेत."

"असतील. निघतात."

चिमटीच्या आईच्या दुकानातून अर्धवट साफ काही बाहेर जात नसे. आधी शाई गेली, मग रेघा, मग देशांची नावं, मग डोंगर. शेवटी समुद्राचा सगळा निळा रंग बादलीत उतरला, तो फुकट जाऊ नये म्हणून तिने दोन चादरी बुडवून काढल्या. जगाला वरून हलकी खळ दिली आणि अभ्रा घालून बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर बाईंनी बटणं काढली. आत पांढराशुभ्र, कडक गोल. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"देश कुठे गेले?" साहेबांनी विचारलं.

"धुतले, साहेब," चिमटी म्हणाली.

"आणि सरहद्दी?"

"आई म्हणते, पक्क्या रंगाच्या नव्हत्या."

साहेब गंभीर झाले. "मग माझं कार्यक्षेत्र कुठे आहे यात? मला तपासणी फक्त कार्यक्षेत्रात करता येते. क्षेत्रच नाही तर शेरा मारू कुठे?"

बाईंना कोपऱ्यातली छत्री दिसायला लागली.

"तुम्हीच काढून दाखवा ना," चिमटी म्हणाली.

साहेबांनी बॉलपेन काढलं. सुरुवात कचेरीपासून केली, मग मागचं पटांगण घेतलं, पाण्याची टाकी सोडवेना म्हणून तीही घेतली. हात सैल, गोल गुळगुळीत. रेघ जी निघाली ती पलीकडून फिरून साहेबांच्याच अंगठ्यापाशी आली.

"एवढं सगळं तुमचं?" चिमटीने विचारलं.

"माझंच," साहेब जरा फुगून म्हणाले.

मग पोरं एकेक करून पुढे आली. "साहेब, इथे एक शाळा आहे, छप्पर गळतं." "इथली मुलं होडीतून येतात, वल्हं एकच आहे. होडी जागच्या जागी फिरते." "इथे तर शाळाच नाही, नुसती घंटा आहे."

"तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"जग आमच्याकडे वस्तीला असतं," शिंप्याचा मुलगा म्हणाला. "वस्तीला आलेलं कोणी गप्प बसतं का?"

साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी अंगठ्याने रेघ पुसून बघितली, मग अभ्र्याच्या खिशातला रुमाल काढून घासली. रेघ गेली नाही, उलट पसरली.

"डाग लागला," चिमटी म्हणाली.

सगळा वर्ग बाईंकडे बघायला लागला. शेऱ्याचं पेन अजून साहेबांच्याच हातात होतं. बाईंनी छत्रीकडे पाठ केली.

"घरी न्यावं लागेल, साहेब. नियम सगळ्यांना आहे."

"आणि नाही नेलं तर?"

"तर राहू दे तुमचंच," चिमटी म्हणाली. "गळक्या छपरांसकट."

साहेबांनी गोल उचलला, दारापर्यंत गेले आणि वळले. "साफ करून आणल्यावर परत कोण घेणार?"

"बाई. पण त्या हंगामी आहेत ना. उद्या त्या नसल्या तर जग कायमचं तुमच्याकडेच," चिमटी म्हणाली.

साहेबांनी गोल टेबलावर ठेवला आणि उभ्याउभ्याच शेरा लिहिला. इतक्या घाईने कायम झालेली बाई त्या खात्यात दुसरी नसेल.

मग ते स्कूटरवर जग पुढ्यात घेऊन घरी गेले. पुढचं मी ऐकीव सांगतो. बायकोने दार उघडलं, आधी जगाला आत घेतलं, त्याच्या पाठीला उशी दिली, आणि मग साहेबांना म्हणाली, "तुम्ही पाय पुसून या."