जुना टर्बो आणि खसाची ताटी

मित्रांनो, मी एक जुना टर्बो आहे. नारळाएवढा, गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला, गंजाने तपकिरी पडलेला. गाडीत बसणाऱ्यांना मी कधी दिसत नाही. पण चढावर गाडी जोर लावते तेव्हा बॉनेटखालून एक बारीक शिट्टी ऐकू येते ना, ती माझी.

माझं काम चुलीच्या फुंकणीसारखं. लाकूड कितीही चांगलं असो, हवा मिळाल्याशिवाय ते भडकत नाही. इंजिनाचा जो गरम धूर वाया जातो, त्यावर माझं एक चाक गरगर फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. टाकाऊ धुरातून ताकद काढतो, म्हणून मी स्वतःला जरा शहाणाच समजत असे.

माझा पहिला मालक मोठा हौशी. गाडी सुसाट आणायची, दारात करकचून ब्रेक मारायचा आणि चावी फिरवून मोकळं व्हायचं. मी आत लालभडक तापलेला. इंजिन बंद झालं की माझ्या दांड्याला मिळणारं तेलही बंद. मग उरलेलं तेल दांड्यावरच करपून जायचं. तो मात्र मित्रांना सांगायचा, "काय पिकअप आहे!" कौतुक माझं पुष्कळ झालं, विचारपूस कोणी केली नाही. शेवटी ती गाडी भंगारात निघाली आणि मी नागपुरातल्या एका भंगाराच्या दुकानात, फुटक्या हेडलाइटच्या शेजारी, फळीवर येऊन पडलो. एका कोळ्याने माझ्या तोंडात जाळं विणलं. तेवढीच सोबत.

तिथे मला कामिनी भेटली.

हुडकेश्वरला राहणारी ही बाई. नवरा पुण्याला नोकरीला. सासऱ्यांची जुनी डिझेल जीप तिने हाती घेतली आणि भिवापूरची मिरची नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायचं काम स्वतःच्या जिवावर उभं केलं. पण त्या जीपला टर्बो नव्हता. पोती भरली की उमरेड रोडच्या चढावर ती अशी रडतखडत चाले, की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकत. माल उशिरा पोचू लागला. व्यापारी ताराचंद एक दिवस म्हणाले, "बाई, लिलाव तुमच्या गाडीसाठी थांबत नाही. महिनाभर पाहतो, त्यानंतरच्या सोमवारी उशीर झाला तर आपलं जमणार नाही. पहिलेच सांगून ठेवतो."

नवी गाडी घेणं शक्य नव्हतं आणि काम सोडणं तिला मान्य नव्हतं. तेव्हा तिने भाकरी थापता थापता मोबाइलवर टर्बोचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. पाहता पाहता ती शिकली. मग मिस्त्री पिंटू आणि सासरे रुपराव यांना घेऊन माझ्या दुकानात आली.

पिंटूने एक भला मोठा, चकचकीत टर्बो उचलला. "वहिनी, हा घ्या. गाडी उडून जाईन!"

रुपरावांचेही डोळे चमकले. त्यांची उभी हयात कोराडीच्या वीज केंद्रात टर्बाइनजवळ गेलेली. "मोठाच घे वं. आमचं टर्बाइन घराएवढं होतं."

"मामाजी, आपली चूल दोन पोळ्यांची," कामिनी म्हणाली. "तिच्यात लोहाराचा भाता लावला तर राखच डोळ्यात जाईन."

"वहिनी, तुम्ही का गॅरेज उघडून राहिल्या?"

"उघडीन बी. पहिले तो कोपऱ्यातला दाखव."

कोपऱ्यातला म्हणजे मी! तिने कोळ्याला बोटाने अलगद बाजूला केलं. मग बाजारात कांद्याची मान दाबून पाहतात तसा माझा दांडा हलवून पाहिला. "थोडा ढिला आहे, पण मोडला नाही. अन् हा आपल्याच इंजिनाच्या टर्बोवाल्या भावाचा आहे. मापात बसते." मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कोणी 'मापात बसतो' म्हटलं नव्हतं. मला तर ते 'काय पिकअप आहे'पेक्षा गोड वाटलं.

नवरदेव स्वस्तात मिळाला, पण वऱ्हाडाचा मानपान मोठा निघाला. माझ्या दांड्याला नवे बेअरिंग. तेलाची नवी नळी. मी कोंबलेली हवा दाबली जाऊन तापते, ती गार करायला गाडीच्या पुढच्या जाळीमागे इंटरकूलर. मिरचीची धूळ आत जाऊ नये म्हणून दणकट फिल्टर. वाढलेला जोर पेलायला नवी क्लच प्लेट. पिंटू म्हणाला, "क्लच नंतर पाहू ना वहिनी." ती म्हणाली, "सून आणली अन् घरात चूल नाई, असं नाई कराचं." आरटीओची परवानगीही तिने रांगेत उभी राहून काढली. हे सगळं पाहून मी मनातल्या मनात तिला हात जोडले.

रुपराव रोज जीपभोवती घिरट्या घालत. कोराडीतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या सकाळपासून एकदम काहीच नाही. कामाची सवय असलेले हात रिकामे राहून कावरेबावरे झाले होते. त्यांनी कामिनीला एक गोष्ट मात्र पक्की सांगितली होती. "तापलेलं यंत्र एकदम बंद नसते कराचं. आमचं टर्बाइन आम्ही थंड होईपर्यंत हळूहळू फिरवत ठेवत होतो. नाहीतर दांडा वाकते."

महिना सरला, तो सोमवार आला. चैत्रातलं ऊन म्हणजे नागपुरात घरोघरी कूलर पुसून नवी खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी लावायचे दिवस. घरातल्या ताटीचा एक तुकडा उरला होता. रुपरावांनी विचार केला, ओल्या खसातून घरात गार हवा येते, मग इंजिनाला काहून नको? कोणाला न सांगता त्यांनी ती ताटी भिजवून जाळीच्या आतून, इंटरकूलरपुढे बांधून टाकली.

पहाटे रिकाम्या गाडीने जाताना ताटी ओली होती, हवाही गार होती. मला खसाचा वास आला आणि मीही खुशीत शिट्टी मारली. पण भिवापूरला पोती चढेपर्यंत ऊन तापलं. ताटी वाळली, तिच्यात मिरचीची धूळ भरली आणि वारा अडला. उमरेडच्या पुढच्या चढावर माझा जीव घुसमटला. मागे काळा धूर निघाला. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकला.

कामिनीने गाडी कडेला घेतली. मागचा ट्रकवाला ओरडला, "ओ ताई, पहिले बंद करा गाडी!"

तिचा हात चावीकडे गेला. मित्रांनो, मला माझा पहिला मालक आठवला. आता पुन्हा करपणं आलं, असं मी मनाशी म्हटलं.

हात थांबला. "बंद नाई कराचं," ती स्वतःशीच पुटपुटली. इंजिन हळू चालू ठेवून तिने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि तिला एक सणसणीत शिंक आली. ताटी दिसली. ती ज्या चिंध्यांनी बांधली होती त्या रुपरावांच्या जुन्या खाकी शर्टाच्या होत्या.

"मामाजी, मामाजी, काय कराव तुमचं!" म्हणत ती हसली. घाई असूनही तिने चिंध्या फाडल्या नाहीत, गाठी सोडवल्या. वारा मोकळा झाला. काटा हळूहळू खाली उतरेपर्यंत ती घड्याळाकडे नाही, काट्याकडे पाहत राहिली. मग मात्र तिने गिअर टाकला आणि आम्ही जो चढ चढलो! त्या दिवशीची माझी शिट्टी मी अजून विसरलो नाही.

लिलाव सुरू व्हायच्या बेतात होता तेव्हा आम्ही कळमन्यात शिरलो. ताराचंद जीपकडे बघतच राहिले. "बाई, गाडी बदलली का?"

"गाडी तेच आहे जी. श्वास बदलला."

संध्याकाळी रुपराव फाटकातच उभे होते. कामिनीने ताटी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांचा चेहरा पडला. "म्या तं थंडी हवा भेटावं म्हणून बांधली वं."

"मले माहीत आहे जी. ताटीनं गाडी दमली, पण तुमच्या टर्बाइनच्या गोष्टीनं वाचली. नाहीतर म्या चावी फिरवलीच होती." मग तिने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. "आतापासून गाडी घरी आली की हे तुमच्याजवळ. केव्हा बंद कराची, तुम्ही ठरवा."

तेव्हापासून रोज असंच चालतं. कामिनी उतरते, रुपराव चढून बसतात. त्यांची पाठ टेकते ती त्याच ताटीला. कामिनीने ती आता सीटला बांधली आहे, दुपारच्या उन्हात भिजवून टेकायला. इंजिन मंद चालू असतं. ते मान तिरकी करून माझी शिट्टी विझताना ऐकतात, आणि कोणी "झालं का मामाजी?" विचारलं तर म्हणतात, "थांब वं, अजून गरम आहे."

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, रुपरावांसारखं एखादं माणूस असेल. दिवसभर, जन्मभर तापून आलेल्याला एकदम बंद करू नका. थोडा वेळ त्याला त्याच्या गतीने फिरू द्या, जवळ बसून ऐका. ते गार होईल. आणि उद्या चढ आला की पुन्हा तुमच्यासाठी शिट्टी मारेल.