चाकामागचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. वर्गात एखाद्याला काही समजेनासं झालं की त्याला ठोकळा म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणा खुशाल. मी ज्या कामासाठी जन्मलो, त्या कामात जागचं न हलणं हीच सगळी हुशारी असते आणि त्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नाही.

पूर्वी मी एका दाराच्या चौकटीत होतो. चौकट मोडली आणि मी एका सुताराच्या दुकानात येऊन पडलो. एक दिवस सुताराच्या बहिणीचे यजमान तिथे आले. ते टॅक्सी चालवत.

"चाकामागे लावायला एक ठोकळा करून दे," ते म्हणाले.

सुताराला हसू आलं. "का हो भावोजी, रस्त्यावरचे दगड संपले वाटतं?"

"दगडाचं नाव काढू नकोस. ठोकळा हवा म्हणजे हवा."

सुताराने मला करवतीने एका बाजूने उतरतं कापलं, पॉलिशपेपर मारला आणि पिवळाधमक रंग दिला. नव्या नवरदेवासारखा मी टॅक्सीच्या डिकीत जाऊन बसलो.

डिकीत माझे सोबती होते जॅक, नट काढायचा पाना, लाल त्रिकोण आणि स्टेपनी, म्हणजे जादा चाक. मान सगळा जॅकला. तो गाडी उचलतो ना! पण एक गोष्ट तुम्हाला सांगतो, उचललेली गाडी जर घसरली तर जॅकच आधी आडवा होतो. ती घसरू नये म्हणून मी दुसऱ्या टोकाच्या चाकाला पाठ लावून बसतो. मी बसलो की काहीच घडत नाही. काहीच न घडल्याबद्दल कोण कुणाची पाठ थोपटणार?

टॅक्सीवाले बाबा मात्र माझी कदर करत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सगळ्या चाकांची हवा तपासत, स्टेपनीचीसुद्धा. टायरच्या खाचांत अडकलेले खडे काढताना ते टायरशी बोलत. "काय रे, एका बाजूनेच झिजायला लागलास? उद्या तुला दाखवून आणतो," असं ते म्हणत. मग मला उचलून पुसत आणि परत जागेवर ठेवत. अशी पंधरा-सोळा वर्षं गेली. तीन गाड्या बदलल्या, मी तोच राहिलो.

पुढे टायर चांगले येऊ लागले. चार-चार वर्षं चाक बदलायची वेळ येईना. माझा पिवळा रंग उडाला आणि मी रस्त्यासारखा मातकट झालो. पुसायच्या फडक्यांखाली, रिकाम्या बाटल्यांच्या शेजारी मी पडून असे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अशातच बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दुसऱ्याने त्यांना धूसरच दिसत होतं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही आणि गाडीला तर हातही लावायचा नाही. टॅक्सी महिनाभर उभी ठेवली तर रोजची गिऱ्हाइकं तुटणार. बाबांनी ती शेजारच्या ड्रायव्हरला चालवायला द्यायची ठरवली. तो ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घ्यायला येणार होता.

हे त्यांच्या मुलीला मुळीच पसंत नव्हतं. ती सत्तावीस वर्षांची, पण घरी सगळे तिला चिंगीच म्हणत. तिच्याकडे टॅक्सीचा परवाना होता आणि ही टॅक्सी आपण चालवावी हे तिचं कधीपासूनचं स्वप्न होतं. ऑपरेशन झाल्यावर बाबांना घरी न्यायला तीच टॅक्सी घेऊन आली. डिकीत मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मी असताना दुसऱ्याला कशाला?"

"गाडी चालवणं कुणालाही जमतं, चिंगी. गाडी वाटेत अडली म्हणजे खरा ड्रायव्हर कळतो."

"मग अडू दे ना एकदा!"

"अगं, काय बोलतेस! चांगलं बोल काहीतरी."

गाडी टेकडीचा चढ चढत होती. अर्ध्या वाटेवर 'फट्' असा आवाज झाला आणि पुढचं कडेचं चाक थडथडू लागलं.

"ब्रेक दाबू नकोस!" बाबा ओरडले.

"नाही दाबत." तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि पाय हळूहळू उचलला. गाडी मंद झाली, पण तिने ती थांबवली नाही.

"आता थांब की! रिम वाकेल."

"वाकू दे. वळणावर थांबले तर मागून येणाऱ्याला आपण दिसणार कधी?"

बाबांना ते पटलं. हे फार क्वचित घडतं.

वळण मागे टाकून सरळ रस्त्याच्या कडेला तिने गाडी उभी केली. चारही दिवे लुकलुकू लागले. तिने बाबांना हात धरून उतरवलं आणि कठड्याच्या पलीकडे नेलं. "तुम्हाला वाकायला मनाई आहे, उचलायला मनाई आहे. बोलायला नाही. तेवढं करा," ती म्हणाली. आणि बाबांनी ते अगदी मनापासून केलं.

लाल त्रिकोण ती मागे वळणापाशी ठेवून आली. मग चार वर्षांनी मला उजेड दिसला. रस्त्याच्या बाजूच्या मागच्या चाकामागे तिने मला ठेवलं आणि पायाने आत ठोसलं.

"नट आधी सैल कर, जॅक मग!" कठड्यापलीकडून आवाज आला.

नट मशीनने आवळलेले, काही केल्या हलेनात. चिंगी पान्यावर उभी राहिली आणि तिने सगळं वजन टाकलं. 'चिर्रर्र' झालं. "हा एक!" बाबा नुसत्या आवाजावरून मोजू लागले. गाडी उचलली गेली तशी ती बोटभर मागे सरकली आणि तिचा भार माझ्यावर आला. मला दात असते तर मी ते आवळून धरले असते. पण मी हललो नाही. चिंगीने स्टेपनी बसवली. बाबांनी महिन्यामागून महिने हवा तपासली होती, ती आज कामी आली. समोरासमोरचे नट जोडीने आवळून तिने गाडी खाली घेतली आणि पुन्हा एकदा सगळे नट घट्ट केले.

"आटप गं, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली!"

बाबांची घाई सुरू झाली. चिंगी कडेकडेने जाऊन त्रिकोण घेऊन आली, सामान डिकीत टाकलं, बाबांना बसवलं आणि गाडीला पुढून वळसा घालून आत शिरली. गाडी निघाली. चढावर ती पुढे गेली आणि मी मागे राहिलो.

मित्रांनो, मी भर रस्त्यात पडलो होतो. एक ट्रक अंगावर वारा टाकून गेला. मग वळणावरून एक मोटारसायकल आली. नवरा, बायको, मधे एक लहान मूल. मातीच्या रंगाचा ठोकळा त्यांना कसा दिसणार? त्यांचं पुढचं चाक माझ्यापासून चार बोटांवरून गेलं. ज्याने कुणाला घसरू दिलं नाही, तोच आता कुणाला तरी पाडणार होता. आयुष्यात पहिल्यांदा मला हलावंसं वाटलं. जीव तोडून प्रयत्न केला. नाही जमलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ओळखीचं इंजिन ऐकू आलं. टॅक्सी उतारावरून परत येत होती. ती खालच्या रुंद जागेत थांबली. चिंगी लाल त्रिकोण समोर धरून कडेकडेने चालत आली. तिने दोन्हीकडे पाहिलं, रस्ता मोकळा होईपर्यंत थांबली आणि मग झपकन मला उचललं. मला छातीशी धरून ती बाबांकडे परत आली.

बाबा कठड्याला धरून उभे होते. "सापडला?"

"सापडला. कुणाला काही झालं नाही." ती कठड्यावर बसली. "बाबा, पंपावर पंक्चर दाखवायला डिकी उघडली तेव्हा कळलं. तुम्हाला तर दिसतच नव्हतं. क्षणभर वाटलं, बोलूच नये. उद्या गुपचूप दुसरा आणून ठेवावा. तुम्हाला कळलं असतं तर टॅक्सी गेलीच ना हातची!"

"मग का बोललीस?"

"मागून कुणीतरी येतच असेल ना."

बाबा तिच्याजवळ येऊन बसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

"तू पहिलीत होतीस तेव्हाची गोष्ट. दगड लावून चाक बदललं आणि दगड तिथेच टाकून निघालो. थोडं पुढे गेल्यावर आठवलं. गिऱ्हाईक घाईत होतं. म्हटलं, एवढ्यासाठी कोण मागे जाणार? दुसऱ्या दिवशी कळलं, पाव विकणारा सायकलवाला त्याच्यावरून पडला. हात मोडला त्याचा. तो बरा झाला. पण दगड माझा होता हे त्याला सांगायचं धाडस मला आजवर झालं नाही."

चिंगीने त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढून तिच्यापुढे धरला. "शेजाऱ्याला लावून दे. मला आकडे दिसत नाहीत."

तिने फोन लावला. बाबा मोठ्याने बोलले, रस्त्यालाही ऐकू जावं असं. "अरे, उद्या किल्ली घ्यायला येऊ नकोस. टॅक्सी चिंगी चालवणार आहे. हो हो, अगदी विचार करून सांगतोय!"

फोन ठेवला आणि लगेच म्हणाले, "आता थेंब घाल. उशीर झालाय."

डोळ्यात थेंब घालताना चिंगी रडत होती, त्यामुळे नेमके कुणाचे डोळे ओले झाले ते मला सांगता येणार नाही.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर मोठ्यांना गाडीची डिकी उघडायला सांगा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक, पाना आणि त्रिकोण जागेवर आहेत का, ते बघा. माझ्यासारखा कुणी फडक्यांखाली पडला असेल तर त्याला पुसा, रंग द्या. चाक बदलून झालं की निघण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा. आणि तरीही काही विसरलंच, तर लाज बाळगू नका. आठवल्याबरोबर परत जा. रस्त्यावर राहिलेला ठोकळा आपणहून बाजूला होऊ शकत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.